टोपलीत काय ठेवायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

मराठी घरात ‘धन्यवाद’ हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. आईने ताट वाढलं आणि मुलगा तिला ‘आभारी आहे’ म्हणाला, तर ती आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहील. आभार मानायचे ते सभेत, आणि तेही लोक चपला शोधायला लागल्यावर. याचा अर्थ आपल्याकडे कृतज्ञता नाही असा मुळीच नाही. ती आपल्या तोंडात नसते, हातात असते. शेजारणीने वाटीभर कालवण पाठवलं तर तिची वाटी रिकामी परत जात नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी तिच्यात पडते. उपकाराची जाण ठेवणं, खाल्ल्या मिठाला जागणं, आईवडिलांचे पांग फेडणं, हे आपले शब्दप्रयोग पाहा. सगळ्यांत करणं आहे, बोलणं कुठेच नाही.

आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरात मात्र हे बोलून दाखवावं लागतं. जेवायला बसलं की डोळे मिटायचे, घरातल्या एकाने चार वाक्यं बोलायची, सगळ्यांनी आमेन म्हणायचं आणि मग पहिला घास. मराठी बायबलने याला फार चांगला शब्द दिला आहे, उपकारस्तुती. उपकार हा शब्दही आपला, स्तुतीही आपली, त्यांची सांगड तेवढी नवी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ती मंडळीसाठी पुष्कळ भजनं आणि गीतं लिहिली. त्यांच्यामुळे ही स्तुती अभंगाच्या वळणाने आमच्या तोंडी बसली, परकी राहिली नाही.

पण जे रोज बोलायचं ते बोलून बोलून गुळगुळीत होतं, पायरीच्या दगडासारखं. लहानपणी आम्हा भावंडांची पैज लागायची, जेवणाची प्रार्थना एका श्वासात कोण संपवतो याची. वडील एक डोळा किलकिला करून बघायचे आणि संपली की म्हणायचे, ‘आता सावकाश म्हणा, देव बहिरा नाही तसा घाईतही नाही.’

आज मला बोलायचं आहे ते सणाबद्दल. रोजच्या जेवणात जी गोष्ट झिजते, ती सणाच्या गर्दीत तर पार हरवते.

म्हसावद हे शहादा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. शहाद्याहून धडगावकडे किंवा तोरणमाळकडे निघालं की वाटेत लागतं. इथल्या ख्रिस्ती मंडळीची घरं मोजकी आहेत, पण नाताळात ती फुगतात. नोकरीसाठी नाशिक, पुणे, सुरत इथं गेलेली माणसं येतात, त्यांची मुलं येतात, मुलांचे मोबाइल येतात. आमच्या तीन खोल्यांच्या घरात चोवीस डिसेंबरला पंधरा-सोळा माणसं असतात. दिवसही छान असतात. कपाशीची वेचणी चालू असते, हरभरा घाट्यांवर आलेला असतो, दादर ज्वारी कमरेला लागलेली असते, आणि भरताच्या वांग्यांचा तर हाच मोसम. काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, बडजीत ठेचायची, कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. खानदेशात थंडीच्या दिवसांत माणसांना एकत्र बसवायला एवढं पुरतं. त्याच सुमाराला दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा असते आणि मुलांना तिथले घोडे बघायचे असतात. कुणाला तोरणमाळला जायचं असतं. करंज्या, शंकरपाळे, मटण, नवे कपडे, गाणी, तारा टांगायची गडबड. तीन दिवस कसे जातात कळत नाही.

आणि ज्याच्या नावाने हे सगळं, त्याच्यासाठी मिळतात ती चर्चमधली दीड तासाची उपासना आणि जेवणाआधीची चार वाक्यं. ती चार वाक्यंही कुणी म्हणायची यावर ‘तू म्हण, तू म्हण’ चालतं. सुट्टी कुटुंबाची होते यात वाईट काही नाही. वर्षाने भेटलेल्या माणसांनी हसावं, खावं, उशिरापर्यंत जागावं. माझा प्रश्न एवढाच आहे की त्या आनंदाला काही पत्ता असतो का? की आपण तो नुसताच उधळतो?

शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. येशूने दहा जणांना बरं केलं, त्यांपैकी एकच आभार मानायला मागे फिरला, आणि तो शोमरोनी होता, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. पाळक ही गोष्ट दरवर्षी सांगतात आणि त्या नऊ जणांना दरवर्षी बोलणी बसतात. मला मात्र त्या नऊ जणांबद्दल थोडी माया वाटते. त्यांना याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितलं होतं आणि ते तिकडेच निघाले होते. पुढे ते कुठे गेले असतील? घरी. ज्या माणसाला गावाबाहेर काढलं होतं, ज्याने बायकोमुलांचा स्पर्श अनुभवला नव्हता, तो कातडी साफ झाल्याबरोबर घराकडेच धावणार. म्हणजे हे नऊ जण कृतघ्न असतील असं नाही, ते कदाचित कुटुंबाच्या सुट्टीला निघाले होते! आपण बहुतेक सगळे त्या नवांतले. दहावा माणूसही शेवटी घरीच गेला असेल. पण तो आधी मागे वळला. मला या गोष्टीत तेवढं वळणच महत्त्वाचं वाटतं.

ते वळण घरात कसं आणायचं, याचं उत्तर माझ्या आईला सापडलं ते जुन्या करारात. मराठी बायबलमध्ये ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक आहे, मोशेच्या पाच पुस्तकांपैकी शेवटचं. त्याच्या सव्विसाव्या अध्यायात शेतकऱ्याला एक विधी सांगितला आहे. जमिनीचं पहिलं पीक आलं की त्यातलं थोडं टोपलीत घालायचं आणि याजकाकडे न्यायचं. याजक ती टोपली वेदीपुढे ठेवतो. मग शेतकऱ्याने बोलायचं असतं, आणि त्याने काय बोलायचं ते फार वेगळं आहे. ‘पीक चांगलं आलं, आभारी आहे,’ असं तो म्हणत नाही. तो आपल्या घराण्याची गोष्ट सांगतो. माझा पूर्वज भटका होता, मूठभर माणसं घेऊन परक्या देशात गेला, तिथे आमचे हाल झाले, आम्ही आरोळी मारली, देवाने ऐकलं, आम्हाला बाहेर काढलं, ही जमीन दिली, आणि तिचं हे पहिलं फळ. एवढं सांगून झालं की मग आनंद करायचा. एकट्याने मात्र करायचा नाही. ज्याला जमीन नाही तो लेवी आणि गावात राहणारा उपरी, यांनाही त्या आनंदात घ्यायचं. पुढच्याच ओळींत पोरक्यांचा आणि विधवांचा वाटाही येतो.

उपरी हा शब्द मला फार आवडतो. बाहेरून आलेला, इथे ज्याचं स्वतःचं शेत नाही असा.

आमचे आजोबा असेच उपरी. धडगावच्या वरच्या एका पाड्यातून ते खाली आले, डोक्यावर लाकडाची मोळी आणि मागे आजी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांचं काम चालू होतं. आजोबा अक्षरं शिकले ते मिशनच्या शाळेत, मोठेपणी, मुलांच्या मागे बसून. पण आभार मानणं त्यांना कुणा मिशनऱ्याने शिकवलं नाही, ते त्यांनी डोंगरावरूनच आणलं होतं. भिल्ल आणि पावरा घरांत नवाई झाल्याशिवाय नवं धान्य तोंडात घालत नाहीत. सातपुड्यातली याहामोगी ही धान्याची देवी, देवमोगऱ्याला महाशिवरात्रीच्या जत्रेला लोक पायी जातात ते याच भावनेने. आजोबांनी देव बदलला, पण ‘आधी त्याला, मग आपल्याला’ हा क्रम बदलला नाही. पहिलं कणीस चर्चमध्ये जाईपर्यंत ते हुरडासुद्धा खात नसत.

ख्रिस्ती जगातही हा क्रम जागोजागी दिसतो आणि गंमत म्हणजे जवळपास सगळीकडे तो घरच्या जेवणाशी बांधलेला असतो. मुंबई-वसईकडचे ईस्ट इंडियन लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ साजरा करतात, भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. गोव्यात ऑगस्टमध्ये गावोगाव कणसांचं फेस्त होतं. मंगळूरकडचे कॅथलिक आठ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिवशी, चर्चमधून आणलेल्या कणसाचे दाणे सोलून दुधात किंवा पायसात घालतात आणि घरातली सगळी माणसं एकत्र बसून ते खातात. त्या दिवशी जेवण शाकाहारी. जे घरापासून लांब आहेत त्यांच्यासाठी दाणे पाकिटात घालून टपालाने पाठवायची त्यांची पद्धत आहे. एका दाण्यासाठी पोस्टाचं तिकीट! अमेरिकेतल्या ‘थँक्सगिव्हिंग’चा गाजावाजा आपण पुष्कळ ऐकतो, टर्कीसकट. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा तो सण. पण लिंकनने त्याची राष्ट्रीय पातळीवर घोषणा केली ते साल 1863 होतं, यादवी युद्धाच्या ऐन मध्यावरचं, हे तितकंसं ऐकू येत नाही.

आमच्याकडच्या मंडळ्यांत ज्याला सरळ ‘हार्वेस्ट’ म्हणतात ती उपासना इंग्लंडकडून आली. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो नावाच्या खेड्यात रॉबर्ट हॉकर या पाळकाने 1843 साली लोकांना नव्या धान्याच्या उपकारस्तुतीसाठी चर्चमध्ये बोलावलं, तिथून ती पद्धत रूढ झाली असं मानतात. आपल्याकडे येईपर्यंत तिला लिलावाची जोड मिळाली. लोक भोपळे, केळी, पपया, मिरच्या, कोंबडी, अंडी आणतात, उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. पाच रुपयांचा भोपळा पाचशेला गेलेला मी पाहिला आहे. लिलावात मजा असते, पण माझ्या वडिलांचं त्याबद्दलचं मत तिखट होतं. ते म्हणायचे, बोली वाढायला लागली की भोपळा कुणी आणला हे सगळे विसरतात आणि कुणी घेतला हे लक्षात ठेवतात.

वडील गेले, त्यानंतरच्या पहिल्या नाताळला आईने घरात टोपली ठेवली. बांबूची, बाजारातून आणलेली, शेणाने सारवलेली. चोवीस तारखेच्या रात्री उपासनेहून परत आलो, तर जेवणाच्या आधी खोलीच्या मध्यभागी ती टोपली. आई म्हणाली, ‘ज्याने त्याने यात काहीतरी ठेवायचं, आणि ते कुणाकडून आलं ते सांगायचं. सगळ्या गोष्टींसाठी देवाचे आभार, असं कुणी म्हणायचं नाही.’ आईचं शिक्षण चौथीपर्यंत, पण तिने नेमकं दुखणं ओळखलं होतं. ‘सगळ्या गोष्टींसाठी’ म्हणणाऱ्याला एकही गोष्ट आठवावी लागत नाही. गोळाबेरीज आभार सोपे असतात.

पहिल्या वर्षी सगळे लाजले. पुतण्याने चेष्टेने मोबाइलचा चार्जर ठेवला. आईने विचारलं, कुणाकडून आला? तो म्हणाला, दुकानातून. पैसे कुणाचे? बाबांचे. बाबांना कुठून आले? असं करत करत आम्ही चार्जरवरून रात्रपाळीच्या कारखान्यापर्यंत पोहोचलो, आणि त्या मुलाला पहिल्यांदा कळलं की आपला बाप नाशिकला नेमकं काय काम करतो. चेष्टा तिथेच थांबली.

आधी घराण्याची गोष्ट सांगायची आणि मग टोपली भरायची, हा आईचा नियम अजून आहे. ती गोष्ट दरवर्षी घरातलं सगळ्यात लहान, पण बोलता येणारं मूल सांगतं. मोळी, पाडा, आजी, शाळा. मुलं त्यात भर घालतात, एका वर्षी आजोबांना वाटेत वाघ भेटला होता. आम्ही वाघ राहू दिला.

आणखी एक नियम माझ्या आत्याने आणला, तो आधी सांगते, कारण त्याच्याशिवाय बाकीचं सगळं ढोंग झालं असतं. पंधरा माणसांचा स्वयंपाक तीन बायका करतात आणि मग त्याच बायकांनी देवाचे आभार मानायला सगळ्यांच्या आधी हात जोडून बसायचं! आत्या एकदा टोपलीजवळ आली ती पोळपाट-लाटणं घेऊनच. ते टोपलीत ठेवून म्हणाली, ‘हे माझ्या हातातून घेतलं कुणी, तर त्याची मी उपकारस्तुती करीन.’ तेव्हापासून पंचवीस तारखेची भांडी पुरुष घासतात. नीट घासत नाहीत. सव्वीसला आम्ही ती पुन्हा घासतो. तरीही नियम चालू आहे.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण कृतज्ञतेची गोष्ट चांगल्या वर्षांवर थांबवली तर ती अर्धी राहते.

2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात अवकाळी पाऊस झाला, ते अनेकांना आठवत असेल. उभं पीक काढणीच्या वेळी गेलं. माझ्या थोरल्या भावाची कपाशी फुटली होती, ती झाडावरच भिजली. त्या नाताळला त्याने टोपलीत काळी पडलेली बोंडं आणून टाकली. ठेवली नाहीत, टाकली. म्हणाला, ‘घ्या, याचे आभार माना.’ कुणी काही बोललं नाही. मुलं आईकडे बघायला लागली. आई म्हणाली, ‘राहू दे. जे आलं ते ठेवायचं.’ प्रार्थना न होताच पाचेक मिनिटं गेली असतील. मग भाऊच बोलला. बियाणं त्याने उधारीवर आणलं होतं आणि दुकानदार होळीपर्यंत थांबायला तयार झाला होता. त्याचं नाव भावाने घेतलं. कपाशीबद्दल तो एक शब्द बोलला नाही आणि कुणी त्याला बोलायला लावलं नाही.

त्याच भावाला 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोना झाला. दुसऱ्या लाटेचे ते दिवस. देशभर ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती. नंदुरबार जिल्ह्यात मात्र तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांच्या पुढाकाराने हवेतून ऑक्सिजन बनवणारे प्रकल्प आधीच उभे राहिले होते. जिल्हा लहान, आदिवासी, नेहमी शेवटच्या रांगेतला, आणि त्या महिन्यात वर्तमानपत्रांत त्याचं नाव चांगल्या कारणासाठी आलं. भावाला खाट मिळाली, ऑक्सिजन मिळाला आणि सोळा दिवसांनी तो घरी आला. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या जिल्ह्यात वहिनीचा धाकटा भाऊ गेला. तो शाळेत खेळाचा शिक्षक होता, चाळिशीसुद्धा ओलांडली नव्हती.

त्या वर्षीच्या नाताळला आम्ही काय म्हणणार होतो? आमचा माणूस वाचला. सगळ्यांच्या ओठांवर तेच होतं, साहजिक होतं. पण जिचा नवरा वाचला तिचाच भाऊ गेला होता, आणि ती पलीकडे बसली होती. ‘प्रभू, तू आमच्या माणसाला राखलंस,’ असं मोठ्याने म्हणायचं, तर त्याचा दुसरा अर्थ काय होतो? तिच्या माणसाला राखलं नाहीस, असाच ना? येशूच्या एका दाखल्यात मंदिरात उभा राहून आभार मानणारा परूशी आहे. आभारच मानतो तो, शब्दही उपकारस्तुतीचेच. मी इतरांसारखा नाही म्हणून आभार. शेजाऱ्याकडे बघून, त्याच्याशी तुलना करून मानलेले आभार किती ओंगळ असू शकतात, ते त्या गोष्टीत दिसतं. आपण रोज असं बोलतो. अपघाताची बातमी वाचली की ‘देवाची कृपा, आपण त्या गाडीत नव्हतो.’ मग गाडीत होते त्यांचं काय?

टोपली मध्ये ठेवली आणि वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. आई तिच्यामागे गेली. आम्ही बाहेर बसून राहिलो. आत काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही, बहुधा काहीच झालं नसावं, कारण आवाज आला नाही. पुष्कळ वेळाने दोघी बाहेर आल्या. वहिनीने पदराच्या गाठीतून एक शिट्टी काढली, खेळाच्या मास्तरांची असते तशी, दोरी लावलेली, आणि ती टोपलीत ठेवली. म्हणाली, ‘मला सायकल याने शिकवली. धाकटा असून.’ एवढंच. भाऊ स्वतःच्या जगण्याबद्दल त्या रात्री काहीच बोलला नाही. त्याने टोपलीत काहीही ठेवलं नाही, वहिनीची शिट्टी उचलली, हातात धरली आणि परत ठेवली.

मृत्यूबद्दल कुणी आभार मानत नाही, मानू नयेत. थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिताना पौल प्रत्येक परिस्थितीत उपकारस्तुती करायला सांगतो, प्रत्येक परिस्थितीबद्दल नाही. दुसऱ्या एका पत्रात तो सगळ्याबद्दलही म्हणतो, त्यावर पाळक मंडळींनी खुशाल वाद घालावा. मला एवढं दिसतं की ज्या रात्री येशूला धरून दिलं, त्याच रात्री त्याने भाकर हातात घेऊन आभार मानले. आम्ही ज्याला प्रभुभोजन म्हणतो आणि कॅथलिक बांधव मिस्सा म्हणतात, त्याचं जुनं ग्रीक नाव यूखारिस्तिया, म्हणजे आभार मानणं. तेही जेवणच होतं, सणाचं, आपल्या माणसांबरोबरचं, आणि ताटावर बसलेल्यांत धरून देणाराही होता.

जर्मनीत आयलेनबुर्ग नावाच्या गावात मार्टिन रिंकार्ट नावाचा पाळक होता. तीस वर्षांचं युद्ध चालू होतं, गावात निर्वासितांची गर्दी, आणि 1637 साली प्लेग आला. बाकीचे पाळक मेले किंवा निघून गेले आणि रिंकार्ट एकटा उरला. त्याने त्या वर्षी चार हजारांहून जास्त माणसांचे अंत्यविधी केले, त्यांत एक त्याच्या बायकोचा. याच काळातल्या या माणसाचं उपकारस्तुतीचं गीत आज जगभरच्या मंडळ्यांत गातात, आणि त्याने ते चर्चसाठी लिहिलंच नव्हतं. घरच्या मुलांनी जेवणाच्या वेळी म्हणावं म्हणून लिहिलं होतं. मला हे कळलं तेव्हा मी त्या घरातल्या जेवणाचा पुष्कळ विचार केला. कोण कोण बसत असेल, किती जागा रिकाम्या असतील.

रिकाम्या जागा आमच्याकडेही असतात, वेगळ्या कारणाने. दिवाळी झाली की सातपुड्याच्या पायथ्याकडून आणि डोंगरातून ट्रक भरून माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात, बारडोली, सुरत, नवसारीकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत यायचं नाही. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो तेव्हा ही माणसं परततात, म्हणून आमच्या भागात खरा घरी येण्याचा सण होळी. नाताळात मात्र कितीतरी दारांना कुलूप असतं. त्यांत ख्रिस्ती घरंही असतात. माझ्या चुलत भावाचं घर त्यांतलं एक. तो, त्याची बायको आणि थोरली मुलगी. मुलीची शाळा सुटते. मी शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे हे मला जास्त टोचतं. दरवर्षी नोव्हेंबरात पटावरची नावं तशीच असायची आणि बाक रिकामे.

आपण सणाला साखर आणतो ती कुणाच्या हाताने येते, हे टोपलीजवळ बसून विचारलं की उत्तर घरातच निघतं. म्हणून आमच्या टोपलीत चुलत भावाच्या घराचा वाटा ठेवायचा असतो. तो खाऊन टाकायचा नाही. ज्वारीचं एक कणीस आणि थोडे शंकरपाळे, शंकरपाळे टिकतात. कणीस आढ्याला टांगतो, होळीला ते येईपर्यंत. मंगळूरकर टपालाने दाणे पाठवतात असं मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘यांचा पत्ता काय टाकणार? पडाव दर महिन्याला हलतो.’

आता मोबाइल आहे, त्यामुळे गेल्या नाताळला चोवीस तारखेच्या रात्री त्यांना फोन लावला. नऊ वाजले होते. पडावावर आवाज होता, कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता. टोपली मध्ये होती, फोनचा आवाज मोठा केला होता आणि सगळे वाकून ऐकत होते. आईने चुलत भावाच्या मुलीला विचारलं, ‘तू काय ठेवतेस गं?’ पुण्याहून आलेली तिच्याच वयाची माझी नात फोनच्या अगदी जवळ बसली होती. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आजी, काल ट्रक उशिरा आला. भरायला रात्री दोनला उठवतात, काल पाचला उठवलं. मी पाचपर्यंत झोपले.’

आई म्हणाली, ‘बरं झालं.’ मग कणीस उचलून तिने ते माझ्या नातीच्या हातात दिलं आणि स्टुलावर चढून आढ्याला बांधायला सांगितलं.